बट्टा

आईचे वरचे दात गेले तेव्हा ती काही बोलली नाही. खालचेही गेल्यावर मात्र जुलैतल्या एका सकाळी तिने पोह्यांची ताटली तशीच पुढे सरकवली आणि म्हणाली, "आता कवळी करून दे बापा. अन् पैसे तुझे नको. डब्यातले रुपये विकून टाक."

डबा म्हणजे पावडरचा जुना पत्र्याचा डबा. त्यात चांदीचे तेरा रुपये. आमच्या घरी त्यांना नाणी असं कोणी म्हणत नाही. रुपयेच म्हणतात, जणू कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात आजही चालतील. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ते बाहेर निघायचे, राख आणि लिंबाच्या सालीने घासले जायचे, रात्री पाटावर तांदळाच्या राशीत बसायचे आणि भाऊबीज आटोपली की पुन्हा डब्यात.

"लक्ष्मी विकायची?" मी विचारलं.

"लक्ष्मी कायची? पन्नास वर्षं मीच घासली ना तिले. आता हात दुखतात माझे. अन् लक्ष्मीले भुट्टा खायचा नाही, मले खायचा आहे."

घरातल्या पोरांना बातमी लागली आणि दुपारपर्यंत आमचे रुपये लाखांच्या घरात जाऊन पोचले. 'तुमच्याकडे हे नाणं आहे का?' छापाचे व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनवर होतेच. मला त्या व्हिडिओंचा धसका आहे. आमच्या नात्यातल्या एकाने वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं विकायला अशाच एका नंबरवर फोन केला होता. समोरच्याने आधी नोंदणी फी मागितली, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेचं म्हणून कमिशन. तीन हजार गेले, नाणं अजून त्याच्या देव्हाऱ्यात आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून सांगितलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी आमचा संबंध नाही, आम्ही फी-कमिशन मागत नाही आणि कोणाला मागायचा अधिकारही दिलेला नाही. पण पत्रक वाचतो कोण आणि व्हिडिओ पाहतो कोण.

मी शहाणा, मी सराफाकडेच जाणार होतो. फक्त जाण्याआधी एक काम केलं. रुपये काळे दिसत होते, गिऱ्हाइकासमोर माल चांगला दिसावा म्हणून रात्री ते चिंचेच्या कोळात भिजवले, सकाळी टूथपेस्ट लावून जुन्या ब्रशने घासले. अगदी कडेच्या दात्यांमधलाही काळपट रंग काढला. तेरा रुपये ओट्यावर असे चकाकत होते की आईसुद्धा म्हणाली, "वा! इतके त मलेही जमले नाही कधी." या कामगिरीबद्दल पुढे सांगतो.

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका मोठ्या शोरूममध्ये गारेगार एसीत पाणी मिळालं, नकार मिळाला. आम्ही फक्त आमच्याकडचीच चांदी परत घेतो सर. मग इतवारी. चितार ओळ, किराणा ओळ, लोहा ओळ, इकडे प्रत्येक धंद्याची आपली ओळ आहे, तशी सराफांची सराफा ओळ. पावसाची भुरभुर, सायकली, हातठेले, त्यातून वाट काढत एका अरुंद दुकानात शिरलो. गादीवर साठीतले सराफ. त्यांनी रुपये हातात घेतलेच नाहीत. टेबलावर पसरायला सांगितले आणि गल्ल्यातून एक लहानसं चुंबक काढून प्रत्येकावरून फिरवलं. एक, दोन, तीन काही नाही. चौथ्याला टक् आवाज आला आणि रुपया चुंबकाला लटकला.

"हा तुमचा वाघ," सराफ म्हणाले.

मी उलटून पाहिला. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला चालणारा वाघ, साल १९४७. चांदीचा कणही नाही. इंग्रज जाता जाता रुपया निव्वळ निकेलचा करून गेले आणि निकेल चुंबकाला चिकटतं. आमच्या घरी या वाघाला पन्नास दिवाळ्या हळदकुंकू लागलं होतं.

उरलेल्या बारांचे त्यांनी बोटाने दोन भाग केले. पाच इकडे, सात तिकडे. "हे युद्धाचे, हे असली."

युद्धाचे म्हणजे सहाव्या जॉर्जचे, १९४० नंतरचे. तोवर रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे. दुसऱ्या महायुद्धात चांदी पुरेना, तशी सरकारने ती निम्म्यावर आणली. अर्धी चांदी, चाळीस टक्के तांबं आणि पाच-पाच टक्के निकेल व जस्त. वजन तेच, आकार तोच, राजाही तोच. या रुपयाच्या जाडीवर, दात्यांच्या मधोमध, एक बारीक पट्टी फिरते. खोट्या नाण्यांना आळा बसावा म्हणून ती घातली होती. सराफांनी एक रुपया उभा धरून मला दाखवली. आमच्या दोन रुपयांवर ती दिसत होती, तिघांवर झिजून गेलेली.

निम्म्या चांदीचा रुपया बाजारात आला की पूर्ण चांदीचा रुपया कोण खर्च करणार? तो गाडग्यात गेला. सरकारनेही मग १९४१ ते १९४३ या काळात व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि जॉर्जचे जुने रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढले. एवढ्यानेही भागलं नाही. अमेरिकेकडून चांदी उसनी आणावी लागली आणि ती फेडायला स्वातंत्र्यानंतर हेच अर्धे-मुर्धे रुपये गोळा करून गाळावे लागले. आमच्या डब्यातले पाच त्या भट्टीतून सुटलेले.

आता भाव. त्या दिवशी चांदी किलोला लाखाच्या वर होती. हिशेब सोपा जावा म्हणून इथे ग्रॅमला शंभर रुपये धरतो. टांकसाळीतून निघालेला रुपया बरोबर एक तोळ्याचा असे, ११.६६ ग्रॅम. ऐंशी रुपये पारड्यात टाकले की एक शेर. त्यामुळे घरी वजनमापं नसली तरी रुपये असले की काम भागत असे. आजचा सराफ तोळा म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दहा ग्रॅम असतात. तो आणि आई दोघं तोळा म्हणत होते आणि दोघांत दीड ग्रॅमहून जास्त अंतर होतं.

असली रुपयात चांदी निघते १०.६९ ग्रॅम, म्हणजे आपल्या सोप्या हिशेबाने हजार एकोणसत्तर रुपये. युद्धाच्या रुपयात ५.८३ ग्रॅम, पाचशे त्र्याऐंशी. हे कोऱ्या नाण्याचं झालं. आमचे काट्यावर चढले तेव्हा ११.४१, ११.३८, एक तर ११.२७. चार रुपये मात्र बाराच्या वर गेले. मला क्षणभर आनंद झाला.

"कडी आहे ना जी त्याले," सराफ म्हणाले. "माळेतले आहेत हे. कडी, डाग, सगळं वजनात येऊन राहिलं. डागात कुठे चांदी? असलीले ऐंशी टंच धरीन, कडी कापून."

डाग म्हणजे कडी जोडलेला सांधा, आणि टंच म्हणजे शंभर भागांत चांदी किती. बारात अकरा म्हणजे जवळपास ब्याण्णव टंच. ते ऐंशी धरणार. मधले बारा कुठे गेले, तर झिजेत, डागात, गाळण्याच्या घटीत आणि त्यांच्या गल्ल्यात. हा बट्टा. आपण बोलताना म्हणतो अमक्याच्या नावाला बट्टा लागला, तो शब्द मूळचा या गादीवरचा. कंपनीच्या आधी आणि कंपनीच्या सुरुवातीच्या काळात गावोगावचे रुपये वेगळे, त्यामुळे एका मुलखातलं नाणं दुसरीकडे मोडायचं तर सराफ वटाव कापणार. बंगालमध्ये तर नुसतं वय झालं म्हणून रुपयाला बट्टा लागे. यंदाचा रुपया पुऱ्या किमतीचा, दोन-तीन वर्षांपूर्वीचा कमी, मग चांदी तेवढीच का असेना. १८३५ साली कंपनीने सगळीकडे एकच रुपया केला आणि हे थांबलं. निदान नव्या नाण्यांपुरतं. आमच्यासारख्यांचं सुरूच आहे.

मी रुपये परत रुमालात बांधले. घाई नव्हती. महालात एक काका आहेत, पोस्टातून निवृत्त झालेले, नाणी जमवण्याचा नाद असलेले. कोणीतरी म्हणालं, वितळवायच्या आधी त्यांना दाखव, एखादं दुर्मीळ निघालं तर चांदीच्या चौपट देतील.

काकांनी खिडकीशी बसून डोळ्याला भिंग लावलं. पहिला रुपया पाहिला आणि भिंग न काढताच विचारलं, "हे कोणी घासलं?"

मी सांगितलं. चिंच सांगितली, टूथपेस्ट सांगितली. त्यांनी डोळे मिटून घेतले. एवढं दुःख त्यांना माझ्याबद्दल झालं असेल असं वाटत नाही, रुपयाबद्दल झालं असावं. मग भिंग माझ्या हातात दिलं. राजाच्या गालावर, दाढीत, मोकळ्या जागेत, सगळीकडे बारीक ओरखडे. ओट्यावर जे चकाकत होतं ते भिंगाखाली घासणीने घासलेल्या स्टीलच्या ताटासारखं दिसत होतं. जुन्या चांदीवर वर्षांनुवर्षांची जी काळपट-निळसर साय धरते, तिच्याखाली नाण्याचा मूळ पृष्ठभाग शाबूत राहतो. घासताना सायही जाते आणि पृष्ठभागाचा एक पापुद्राही. "नाणं कधी घासायचं नसतं," काका म्हणाले. "काळं आहे तसं आणायचं. पाण्याने धुवायचंसुद्धा विचारून." पण त्यांनाच दया आली. "तुम्ही एकट्याने नाही केलं हे. हे पन्नास दिवाळ्यांचं काम आहे. तुम्ही फक्त शेवटचा हात मारला."

त्यांनी मला त्यांच्याकडचा नागपूरच्या भोसल्यांचा एक रुपया दाखवला. जाड, वाकडातिकडा गोल, त्यावर मुघल बादशहाच्या नावाची फारसी अक्षरं, तीही अर्धीच. ठसा मोठा आणि चांदीचा तुकडा लहान, त्यामुळे नाव कधी पुरं मावतच नसे. भोवती सराफांनी पारखताना मारलेल्या बारीक खुणा. राज्य मराठ्यांचं, नाव दिल्लीच्या बादशहाचं आणि त्यावर इतवारीच्या सराफाचं टोचणं, मला फार नागपुरी नाणं वाटलं ते. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं तेव्हा महालातल्या राजवाड्यातली जनावरं आणि चीजवस्तू लिलावात काढली गेली. आपल्याकडची मोड विकायची परंपरा जुनी आहे.

आमच्या सात असलींपैकी तीन व्हिक्टोरियाचे निघाले. त्यातल्या दोघांवर राणीच्या नावापुढे 'एम्प्रेस' असं वाचता येत होतं. ती सम्राज्ञी झाल्याची द्वाही १८७७ च्या १ जानेवारीला फिरली आणि त्याच दिवशी जमशेदजी टाटांनी नागपुरात कापडाची गिरणी सुरू केली, म्हणून तिचं नाव एम्प्रेस मिल. आमचे आबाजी त्या गिरणीत साच्यावर होते. हे रुपये त्यांच्याच पगारातले, असं घरात सांगतात. गिरणीवरही एम्प्रेस, पगारावरही एम्प्रेस. आज गिरणीच्या जागेवर त्याच नावाचा मॉल आहे.

कडीवाल्या चारांकडे काकांनी फार वेळ पाहिलं नाही. कडी नेमकी राजाच्या मुकुटावर डागलेली. "कडी काढली तरी डाग राहतो. हे चांदीच्याच भावात जाऊ द्या."

सातव्याला मात्र ते थांबले. पाचवा जॉर्ज. मागे 'वन रुपी इंडिया' आणि खाली साल. एकोणीसशे... पुढे एक स्पष्ट, आणि शेवटचा आकडा नाहीच. असेल तर एक असेल, दोन असेल, सात असेल. काका खुर्चीत सावरून बसले.

१९११ चा रुपया जमवणाऱ्यांच्या आवडीचा. राजाच्या झग्यावर छातीशी जी साखळी आहे, तिच्यात एक बारीकसा हत्ती आहे. त्या साली ठसा करणाऱ्याने त्याची सोंड एवढी आखूड काढली की लोकांना तो डुक्कर वाटला. राजाच्या छातीवर डुक्कर! ओरड झाली, टांकसाळीने उरलेली नाणी गाळायला नेली आणि १९१२ च्या ठशात सोंड नीट दिसेल अशी केली. त्यामुळे १९११ चा रुपया थोडा कमी सापडतो आणि झिजलेला असला तरी चांदीच्या भावाहून काहीतरी जास्त देऊन जातो.

"म्हणजे साल गेलं तरी हत्ती पाहिला की कळेल," मी म्हणालो.

"कळलं असतं."

भिंगात मी पाहिलं. झग्याच्या जागी एक गुळगुळीत उंचवटा होता. त्यावर एक ठिपका. हत्ती म्हणाल तर हत्ती, डुक्कर म्हणाल तर डुक्कर, साबुदाणा म्हणाल तर साबुदाणाही. काकांनी तो दिव्याखाली तिरपा धरला, कागद ठेवून पेन्सिलने घासून पाहिला. दहा मिनिटांनी म्हणाले, "मी याचे चांदीचेच देईन. मला खात्री नाही. खात्री असल्याशिवाय नाव लावत नाही मी."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. घासण्याने वाट लागली हे सांगताना जरा चाचरलो, पण तिला काही वाटल्याचं दिसलं नाही. तिने उलट मलाच विचारलं, "अन् चांगले वाले कुठे गेले, विचारलं नाही त्यानं?"

"कुठले चांगले?"

"माळ एकवीस रुपयांची होती ना रे तुझ्या आजीची. शिवाय सुटे रुपये वेगळे."

हे मला माहीत नव्हतं. मग ती वाटाण्याच्या शेंगा सोलाव्या तशी एकेक सांगत गेली. बाबांच्या मॅट्रिकच्या फॉर्मच्या वेळी दोन. गिरणी बंद होती त्या महिन्यांत सहा-सात, एका वेळी एक. मोठ्या आत्याच्या लग्नात पाच. माझ्या जन्माच्या वेळी दवाखान्याला तीन. "तुझी आजी सगळेच न्यायची सराफाकडे, रुमालात बांधून. तो त्यातले चांगले पाहून घे. हा देतो का, हा देतो का. उरलेले परत दे. झिजले-फुटले कोण घेईल बापा तवा?"

मी त्या रात्री तेरा रुपये पुन्हा टेबलावर मांडून बसलो. बाजाराचा नियम आपण शाळेत शिकतो की खोटं नाणं चालत राहतं आणि खरं नाणं घरात दडतं. आमच्या घरात उलटं झालं होतं. खरं तेवढं बाहेर गेलं आणि घरात खोटं साठत गेलं. काकांच्या आल्बममध्ये जे कोरे करकरीत व्हिक्टोरिया आहेत, त्यांना कधी कोणी रुमालात बांधून नेलं नसणार. ते तिजोरीत होते. कोणाच्या तरी घरी साठ-सत्तर वर्षं चांदीची गरजच पडली नाही, म्हणून ते आज चौपट भावाचे. 'अवस्था खराब' असं नाणेवाले लिहितात तेव्हा ती नाण्याची अवस्था लिहितात, असं मी समजत होतो.

दुसऱ्या आठवड्यात आईच बरोबर आली. सराफा ओळीत रिक्षा शिरत नाही, कोपऱ्यापासून तिला हात धरून नेलं. सराफांना तिने 'भाऊ' म्हणून जी सुरुवात केली ती ऐंशी टंचावरून त्यांना शहाऐंशीवर आणूनच थांबली. दात नसल्यामुळे तिचे निम्मे शब्द सराफांना कळत नव्हते आणि तिने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. ते ब्याऐंशी म्हणाले की ती शहाऐंशीला हो म्हणायची.

कडी कापायची वेळ आली. सराफांनी कातर घेतली, रुपया अंगठ्याखाली दाबला आणि कुट् केलं. कडी उडून पायपुसण्यावर पडली. आईने वाकून उचलली. चारी कड्या तिने मागून घेतल्या, पाकिटाच्या कागदात पुडी बांधली. सराफ म्हणाले, "माय, त्यात काही नाही, पितळच आहे."

"असू दे."

अकरा रुपये पारड्यात गेले. कवळीच्या खर्चाच्या निम्म्याहून थोडे जास्त पैसे आले, उरलेले मी घातले, ते तिला अजून सांगितलेलं नाही. वाघ परत मिळाला कारण त्याला भाव नव्हता. आणि तो साल नसलेला जॉर्ज आईनेच पारड्यातून काढून घेतला. "हा राहू दे. डुक्कर आहे का हत्ती, ते समजल्यावर पाहू."

कवळी पोळ्याच्या आधी आली. चार दिवस हिरड्या सोलल्या, पाचव्या दिवशी तिने भुट्टा खाल्ला, दाणे काढून का होईना. पाडव्याला, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, दारात पोरांची रांग लागली. लाकडी बैल, बैलांच्या शिंगांना बेगड, कोणाच्या बैलाला चाकं तर कोणाचा तिघांनी मिळून उचललेला. इतवारीत मारबत-बडग्यांच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीची गर्दी आणि आमच्या गल्लीत ही. आई पाटावर बसून बैलांना कुंकू लावत होती आणि पोरांच्या हातावर बोजारा म्हणून दहा-दहाची नाणी ठेवत होती. पुतण्याच्या पोराची पाळी आली तेव्हा दहाची नाणी संपली होती. तिने मागे हात घालून डबा ओढला आणि वाघ काढून त्याच्या तळव्यावर ठेवला.

पोराने तो उलटापालटा करून पाहिला. वाघ आवडला, पण मूळ मुद्दा सोडला नाही.

"आजी, हा चालते का दुकानात?"

"नाही चालत बेटा," आई म्हणाली. "पण चुंबकाले चिकटते."

त्याने बैल तिथेच टाकला आणि फ्रिजकडे धाव घेतली.